सेन्सर स्वतः पुसावा की सर्व्हिस सेंटरला द्यावा?

कॅमेऱ्याच्या सेन्सरची सफाई या एकाच विषयावर इतकी पत्रे साचली होती, की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. पत्रलेखकांची नावे आणि वैयक्तिक तपशील वगळून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न: माझा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा दोन वर्षे वापरात असून मी मुख्यतः निसर्गचित्रे टिपतो. अलीकडे निरभ्र आकाशाच्या प्रत्येक छायाचित्रात ठरावीक जागी दोन-तीन करडे ठिपके दिसू लागले आहेत. एक मित्र म्हणतो, स्वॅब (टोकाला कापड असलेली चपटी काडी) आणि द्रावणाचा संच घे आणि पाच मिनिटांत मोकळा हो. दुसरा म्हणतो, सेन्सरला हात लावलास तर कॅमेरा गेलाच म्हणून समज. माहितीपुस्तिकेत सफाई अधिकृत केंद्रातच करून घ्यावी असे सुचवले आहे. आपला सल्ला काय?

उत्तर: तुमच्या दोन्ही मित्रांना तुमचे भलेच व्हावे असे वाटत असणार, पण डाग कसला आहे हे न विचारताच दोघांनी उपाय सांगून टाकला आहे. सफाई स्वतः करावी की पैसे मोजून करून घ्यावी, हे धाडसावर किंवा खर्चावर ठरवण्याआधी डागाच्या प्रकारावर ठरवावे, आणि तो प्रकार ओळखण्यासाठी घरातल्या साधनांपलीकडे काहीही लागत नाही.

आपण जे पुसतो ते नेमके काय असते, हे आधी पाहू. प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या चिपला सफाईत कधीच स्पर्श होत नाही. तिच्यावर काचेच्या फिल्टरांचा थर बसवलेला असतो. त्यात अवरक्त किरण अडवणारा फिल्टर जवळजवळ सर्वच कॅमेऱ्यांत असतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत त्याच्या जोडीला, बारीक नक्षीतून उमटणाऱ्या खोट्या लहरी टाळणारा लो-पास फिल्टरही असतो. धूळ बसते ती या थराच्या वरच्या पृष्ठभागावर. काच तशी कणखर असते. जपायचे असते ते तिच्यावरच्या परावर्तनरोधक लेपाला. दुसऱ्या मित्राची भीती म्हणूनच अवाजवी आहे, पण अगदीच निराधार नाही, कारण एखादा वाळूचा कण काचेवर असताना त्यावरून स्वॅब फिरवला तर ओरखडा त्या लेपावरच उमटतो.

आता चाचणी. सर्वांत कमी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि एफ/१६ किंवा एफ/२२ ॲपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र; एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके ते लहान) ठेवून, मॅन्युअल फोकस अनंतावर नेऊन, संगणकाच्या पडद्यावरील कोऱ्या पांढऱ्या खिडकीचे जवळून छायाचित्र घ्यावे. शटर उघडे असताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवावा. पडद्याच्या रेघा आणि त्यावरची धूळ हलल्यामुळे विरून जाते, सेन्सरवरचा कण मात्र कॅमेऱ्याबरोबरच हलत असल्याने जागच्या जागी रेखीव उमटतो. मग तेच चित्र एफ/४ ला घेऊन पाहावे. डाग पुसट झाला किंवा नाहीसाच झाला, तर तो फिल्टरवरच आहे असे समजण्यास हरकत नाही. लेन्स बदलूनही तो त्याच जागी राहिला तर शंकेला जागाच उरत नाही. ॲपर्चर कितीही बदलले तरी टाचणीच्या टोकाएवढा रंगीत ठिपका तसाच लखलखत राहत असेल, तर तो बिघडलेला पिक्सेल असतो आणि त्याच्यावर कोणत्याही पुसण्याचा उपयोग नसतो.

ॲपर्चरने इतका फरक का पडावा? ढगाळ दिवशी वस्तूची सावली पुसट पडते आणि कडक उन्हात तीच रेखीव दिसते, तसाच हा प्रकार आहे: मोठे छिद्र ढगाळ आकाशासारखे, लहान छिद्र सूर्यासारखे. कण फिल्टरच्या वर बसलेला असल्याने त्याच्यात आणि चिपमध्ये थोडे अंतर राहते. हे अंतर २ मिलिमीटर धरले, तर ढोबळ हिशेबाने एफ/२.८ ला कणाच्या सावलीची कड सुमारे ०.७ मिलिमीटर रुंदीत पसरते, आणि एफ/१६ ला तीच सुमारे ०.१२ मिलिमीटरमध्ये आकसते. फुल फ्रेम सेन्सरच्या ३६ मिलिमीटर रुंदीत ६००० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा झाला, म्हणजे ०.०६ मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा कणदेखील दहा पिक्सेलांची रुंदी अडवतो. व्यक्तिचित्रे घेणारे आणि एफ/२.८ च्या आसपासच वावरणारे छायाचित्रकार वर्षानुवर्षे सेन्सरकडे पाहत नाहीत आणि त्यांचे काही बिघडतही नाही, याचे कारण हेच. तुमच्यासारख्या निसर्गचित्रे घेणाऱ्याला मात्र ही चैन परवडत नाही.

चाचणीचे चित्र शंभर टक्के मोठे करून डागांचा आकार पाहावा. वेडावाकडा गडद ठिपका म्हणजे बहुधा कोरडी धूळ. वळलेली बारीक रेघ म्हणजे कापडाचा किंवा कागदाचा धागा. कडेने गडद आणि मध्ये फिकट असा नेटका गोल दिसला, तर तो तेलाचा किंवा सुकलेल्या द्रवाचा थेंब असण्याची शक्यता अधिक. पहिल्या दोन प्रकारांपैकी बराचसा भाग हवेने निघतो, तिसरा हवेने कधीच निघत नाही.

म्हणून पहिली पायरी रबरी फुग्याच्या ब्लोअरची, आणि ती प्रत्येकाने स्वतःच करावी. नुकताच केर काढलेल्या खोलीत हे काम करू नये. पंखा बंद ठेवावा आणि बॅटरी पूर्ण भरलेली असावी. मेनूतील सेन्सर सफाईचा पर्याय वापरूनच सुरुवात करावी, कारण काही मिररलेस कॅमेरे बंद केल्यावर शटरचा पडदा मिटवून घेतात आणि त्या पातळ पडद्यावर जोराची हवा मारणे धोक्याचे असते. ब्लोअरचे दोन-चार झोत आधी बाहेर हवेत सोडावेत, म्हणजे फुग्यातली स्वतःची धूळ निघून जाते. मग कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करून, ब्लोअरचे टोक माउंटच्या (लेन्स बसवण्याच्या कड्याच्या) आत न नेता खालून जोरकस झोत मारावेत. सुटलेली धूळ खाली पडते. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे सूक्ष्म तुषार काचेवर बसून धुळीपेक्षा वाईट डाग करतात. दाबलेल्या हवेचे डबे तर कॅमेऱ्याजवळही आणू नयेत. त्यांतला द्रव वायू काचेवर उडाला की पुढचे काम तुमच्या हातचे राहत नाही. झोत मारून झाल्यावर पुन्हा चाचणीचे चित्र घ्यावे. पुष्कळांचा प्रश्न इथेच मिटतो, आणि स्वॅबचा संच घेण्याच्या आधी ही पायरी दोन-तीनदा करून पाहणे केव्हाही शहाणपणाचे.

त्यानंतरही डाग उरले तर ओल्या सफाईचा विचार करावा. स्वॅबची रुंदी सेन्सरच्या उंचीएवढी असायला हवी: फुल फ्रेमसाठी २४ मिलिमीटर, त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरसाठी सुमारे १६ मिलिमीटर. अरुंद स्वॅब दोनदा फिरवला की मधोमध ओल्या रेघेची खूण राहते. द्रावण सेन्सरसाठीच बनवलेले हवे. यांतले काही निव्वळ मिथेनॉल असते, ते विषारी आणि ज्वलनशील आहे, म्हणून मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये पाणी असते आणि ते वाळताना चट्टे ठेवून जाते. कानातल्या काड्या, चष्म्याचे फडके आणि टिश्यू पेपर यांचा विषय इथेच संपवू.

प्रत्यक्ष कृती अर्ध्या मिनिटाची आहे, पण ती करताना घाई नको. स्वॅबच्या कडेवर दोन, फार तर तीन थेंब टाकावेत आणि ते कापडात पूर्ण मुरेपर्यंत थांबावे. कड ओलसर दिसावी, चमकू नये. मग स्वॅब सेन्सरच्या एका टोकाला ठेवून, तो ज्या दिशेने जायचा त्या दिशेला थोडा कलवून, न थांबता एका लयीत दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा. कागदावर लिहिताना पेनावर जेवढा भार देतो, त्याहून अधिक इथे लागत नाही. टोकाला पोहोचल्यावर स्वॅब उचलून उलटा करावा आणि न वापरलेल्या बाजूने तसाच परत आणावा. दोन्ही बाजू वापरल्या की तो स्वॅब टाकून द्यावा. तो बरा दिसतो म्हणून पुन्हा वापरण्याचा मोह अनेकांना होतो, आणि नेमक्या त्याच फेरीत पहिल्या वेळी उचललेला कण काचेवरून घासत जातो. ज्या कॅमेऱ्यांत कंपनरोधासाठी सेन्सर स्वतः सरकतो, त्यांत स्पर्श होताच तो किंचित हलल्यासारखा वाटेल. तो धरून ठेवण्यासाठी जोर लावू नये. डीएसएलआर असेल तर आरसा वर अडकवण्याची सोय मेनूतूनच वापरावी. बल्ब मोडवर बटण दाबून धरून सफाई करण्याची युक्ती काहीजण सांगतात. बोट सुटले की आरसा आणि पडदा थेट स्वॅबवर येऊन आदळतात, तेव्हा ती युक्ती ऐकून सोडून द्यावी.

तुमच्या बाबतीत माझे मत असे: ब्लोअर आजच वापरा. ठिपके राहिले आणि तुम्ही वर्षातून अनेकदा बाहेर लेन्स बदलत असाल, तर ओली सफाई शिकून घेणे तुमच्या सोयीचे आहे, कारण दर वेळी कॅमेरा सर्व्हिस सेंटरमध्ये ठेवून येणे तुमच्या कामात बसणार नाही. हात थरथरत असेल, जवळचे स्पष्ट दिसत नसेल किंवा कॅमेरा अजून वॉरंटीत असेल, तर ते काम तज्ज्ञाकडे सोपवावे. स्वतः केलेल्या सफाईत झालेले नुकसान वॉरंटीत धरले जात नाही. आणि काहीही ठरवले तरी महत्त्वाच्या कामाच्या आदल्या रात्री स्वॅब हाती घेऊ नये. तीन ठिपके संगणकावर काढता येतात, ओरखडा मात्र फिल्टर किंवा सेन्सरचा सगळा भाग बदलूनच जातो.

प्रश्न: संच आणून मी सेन्सर पुसला. मधले डाग गेले, पण आता कडेला नवे ठिपके आले आहेत आणि एका बाजूला धुरकट पट्टा दिसतो. सेन्सर खराब झाला का?

उत्तर: तुम्ही केलेल्या वर्णनावरून तसे वाटत नाही. कडेचे ठिपके म्हणजे बहुधा मधलीच घाण स्वॅबने बाजूला ढकलली आहे, किंवा सेन्सरच्या चौकटीलगत साचलेली धूळ ओल्या कडेने आत ओढून आणली आहे. धुरकट पट्टा द्रावण जास्त झाल्याचे लक्षण आहे. स्वॅबमागे राहिलेला ओलावा वाळताना आपली खूण सोडतो. आधी पुन्हा ब्लोअर मारा, मग नवा स्वॅब घेऊन या वेळी एक थेंब कमी टाका आणि तो थोडा अधिक वेळ मुरू द्या. कोपऱ्यांवर वेगळा जोर देण्याचा मोह टाळा.

दुसऱ्या स्वॅबने सुधारणा दिसली तर तिसरा वापरायला हरकत नाही. सुधारणा दिसलीच नाही, तर तिथेच थांबून कॅमेरा तज्ज्ञाला दाखवा. डाग जात नाही म्हणून दाब वाढवत नेणारेच सेन्सरचे खरे नुकसान करतात. ॲपर्चर मोठे केल्यावरही पट्टा विरत नसेल किंवा त्याची कड सरळ, केसासारखी बारीक दिसत असेल, तर मात्र तो ओरखडा असू शकतो आणि घरी आणखी काही करू नये.

प्रश्न: मी पैसे देऊन सर्व्हिस सेंटरमधून सफाई करून घेतली. घरी येऊन एफ/२२ ला तपासले तर चार ठिपके आहेतच. माझी फसवणूक झाली असे समजावे का?

उत्तर: लगेच नको. एफ/२२ ला एकही ठिपका दिसणार नाही अशी सफाई क्वचितच साधते, आणि साधली तरी लेन्स एकदा बदलताच तिचे तेज उतरते. ठिपके पुसट, कडेला आणि एफ/११ ला नाहीसे होणारे असतील तर काम ठीक झाले म्हणावे. मधोमध ठळक दिसत असतील तर कॅमेरा परत न्यावा आणि चाचणीचे चित्र समोर ठेवून बोलावे. त्याहूनही चांगले म्हणजे देतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सफाईच्या आधी आणि नंतर चाचणीचे चित्र घेऊन ते देतात का, कोणत्या ॲपर्चरला तपासतात, माउंटच्या आतली पोकळी साफ करतात का, आणि काम करताना काही नुकसान झाले तर जबाबदारी कोणाची? या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्याला दोन पैसे जास्त देणे मला कधीच महाग वाटत नाही. तज्ज्ञाकडे भिंग, योग्य प्रकाश आणि स्वच्छ टेबल असते, पण आपण खरे पैसे मोजतो ते त्याच्या नजरेचे आणि जबाबदारीचे. आरशाच्या पोकळीत दडलेली धूळ काढली नाही, तर चार दिवसांत ती सेन्सरवर उतरते, हे अनुभवी कारागिराला सांगावे लागत नाही.

तुमचा कॅमेरा नवा असेल आणि सफाईनंतर थोड्याच दिवसांत गोल, तेलकट ठिपके एकाच भागात पुन्हा येत असतील, तर प्रश्न सफाईचा राहत नाही. शटरच्या यंत्रणेतून वंगण किंवा बारीक कण उडत असण्याची शक्यता असते. २०१२ साली आलेल्या निकॉन डी६०० या कॅमेऱ्यात असे ठिपके मोठ्या प्रमाणावर आढळले. पुढे कंपनीने फेब्रुवारी २०१४ मध्ये जाहीर केले, की वॉरंटी संपली असली तरी तपासणी, सफाई आणि शटरसह संबंधित भाग बदलणे विनामूल्य केले जाईल. अशा वेळी घरी पुसत बसणारा ग्राहक स्वतःच्या तक्रारीचा पुरावाच पुसत असतो. तारखेनिशी चाचणीची चित्रे जपून ठेवावीत आणि कॅमेरा अधिकृत केंद्रातच द्यावा.

प्रश्न: कॅमेरा बंद-चालू करताना सेन्सर आपोआप थरथरून धूळ झटकतो, असे जाहिरातीत वाचले. मग वेगळ्या सफाईची गरज काय?

उत्तर: ही सोय उपयोगी आहे, तिच्याकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. ऑलिंपसच्या २००३ सालच्या ई-१ कॅमेऱ्यात ती प्रथम आली. तिथे सेन्सरच्या पुढचा पारदर्शक फिल्टर अतिशय वेगाने कंप पावून कण झटकत असे. पुढे इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धतीने ती स्वीकारली. सैल, कोरडी धूळ अशा कंपनाने बरीच सुटते. चिकटलेला पराग, तेल किंवा सुकलेला थेंब मात्र तसाच राहतो. कंपनाची आज्ञा मेनूतून दोन-तीनदा द्यावी आणि मगच ब्लोअर हाती घ्यावा, असा क्रम मी सुचवेन.

सेन्सरवर टेकवून उचलायच्या चिकट टोकाच्या काड्यांबद्दलही काही वाचकांनी विचारले आहे. न घासता फक्त टेकवायची असल्याने एखाददुसऱ्या हट्टी कणासाठी ती काडी चांगली. दर वेळी टेकवल्यावर तिचे टोक सोबतच्या चिकट कागदावर साफ करावे लागते. तेलाच्या डागावर ती वापरू नये, आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरला ती चालते असे काडीच्या निर्मात्याने स्पष्ट लिहिले असेल तरच घ्यावी.

प्रश्न: माझ्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक काळा कण सतत दिसतो, छायाचित्रांत मात्र काहीच नाही. सेन्सर पुसू का?

उत्तर: मुळीच नको. तो कण आरशावर, फोकसिंग स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरच्या आत आहे आणि चित्रावर त्याचा काही परिणाम होत नाही. ब्लोअरने एक-दोन झोत मारून पाहा. आरशाला व स्क्रीनला कापड लावू नका. त्यांच्या पृष्ठभागावर सेन्सरच्या काचेपेक्षाही लवकर चरे पडतात.

प्रश्न: चाचणीच्या चित्रात ठिपका डाव्या वरच्या कोपऱ्यात आहे. कॅमेऱ्यात पाहताना तो कुठे शोधावा?

उत्तर: कॅमेरा सरळ धरून समोरून, माउंटमधून आत पाहिले तर डाव्या खालच्या कोपऱ्यात. लेन्स प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवीकडे उलटवते, पण आपण समोरच्या बाजूने पाहत असल्याने डावे-उजवे पुन्हा जुळते आणि फक्त वर-खालीचा फरक उरतो.

प्रश्न: लेन्स न निघणाऱ्या छोट्या झूम कॅमेऱ्यातही असे डाग येतात का? ते घरी काढता येतील का?

उत्तर: येतात. झूमची नळी आत-बाहेर होताना हवेबरोबर धूळ आत जाते आणि सेन्सरवर बसते. नळीला व्हॅक्यूम क्लीनर लावून ती ओढून घेण्याचा उपाय काहीजण करतात. त्याने लेन्सची रचना आणि झूमची यंत्रणा दोन्ही बिघडू शकतात, म्हणून तो करू नये. अशा कॅमेऱ्याचे पुढचे सगळे भाग सोडवल्याखेरीज सेन्सरपर्यंत पोहोचता येत नाही, म्हणजे हे काम दुरुस्ती करणाऱ्याचेच. त्याच्याकडून खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्यावा. तो कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीच्या जवळ जात असेल, तर शक्य तितके मोठे ॲपर्चर वापरावे आणि उरलेला ठिपका संगणकावर काढून टाकावा. ठिपका प्रत्येक चित्रात त्याच जागी असल्याने एका चित्रावर केलेली दुरुस्ती बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये बाकीच्या चित्रांवर एकदमच लावता येते. लावल्यानंतर प्रत्येक चित्र एकदा डोळ्यांखालून घालावे, कारण त्या जागी आकाशाऐवजी एखाद्याचा चेहरा आला असेल तर सॉफ्टवेअर तोही बिनदिक्कत पुसते.